पेटी बंद, किल्ली गायब

मोटरसायकलला मागे लावलेल्या पेटीची किल्ली हरवली, तर पहिले काही दिवस फारसं अडत नाही. गाडीची किल्ली निराळी असते. गाडी चालू होते, ऑफिसला जाते, पेट्रोल भरून येते. मागे पेटी आपली तोंड मिटून बसलेली. अडतं ते खंबाटकी चढताना पाऊस गाठतो तेव्हा, कारण रेनकोट पेटीत. चौकात शिट्टी वाजते तेव्हा, कारण आरसी, विमा, पीयूसी सगळं पेटीत. कागदांपुरती तरी आता सोय झाली आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरावीत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. रेनकोटाबद्दल असं काही परिपत्रक नाही.

मग घरातला मोठा स्क्रू ड्रायव्हर निघतो, आणि नुकसान इथेच होतं. या पेट्या बहुतेक एबीएस किंवा पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या असतात. झाकणाची कड रबरी पट्टीवर दाबून बसते, म्हणून पाणी आत जात नाही. त्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की कुलूप उघडत नाही, कड चिरते. नंतर कितीही नामी किल्ली करून आणली तरी पहिल्याच पावसात आतले कपडे ओले होतात. पेटीत सर्वांत स्वस्त काय असेल तर तिचं कुलूप, आणि महाग म्हणजे झाकण. उचकटणारा माणूस नेमकं महागडं मोडतो आणि स्वस्त ते जपतो. ॲल्युमिनियमच्या पेट्यांचंही तेच. त्यांच्या बिजागऱ्या रिव्हेट मारून बसवलेल्या असतात. त्या तोडल्या की झाकण पुन्हा सरळ बसवणं पत्र्याचं काम करणाऱ्यालाही नको होतं.

खरं म्हणजे हरवते ती फक्त धातूची वस्तू. किल्लीला किल्लीपण देणारी गोष्ट म्हणजे पाच-सहा उंच्यांची एक ओळ: पहिल्या दात्याची उंची इतकी, दुसऱ्याची तितकी. ही ओळ तीन ठिकाणी असते. हरवलेल्या किल्लीच्या दात्यांत, कारखान्याच्या तक्त्यात आणि खुद्द कुलपाच्या पोटात. यातली पहिली जागा गेली. उरलेल्या दोन जिथल्या तिथे आहेत. नवी किल्ली करणं म्हणजे या दोनपैकी एका जागेवरून ती ओळ वाचून घेणं. तोडफोडीचा विचार त्यानंतर.

कुलूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते दाराला लटकणारं, अंगावर ‘७ लिव्हर्स’ असं कोरलेलं अलीगढी कुलूप, नाहीतर गोदरेजचं. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा उद्योग सुरू केला, आणि तिथून पुढे मराठी घरात कुलूप आणि गोदरेज हे शब्द जवळजवळ एकच झाले. पेटीच्या कुलपात मात्र लिव्हर नसतात. त्याचं घराणं वेगळं. अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट घेतलेल्या पिनांच्या कुलपाशी त्याचं नातं आहे. खिशात मावणारी चपटी, एका कडेला दाते असलेली किल्ली तिथूनच रूढ झाली. येल यांच्या कुलपात बारीक पिना होत्या. पेटीच्या, टेबलाच्या खणाच्या, ऑफिसातल्या कपाटाच्या कुलपात पिनांच्या जागी पितळेच्या पातळ पत्त्या आल्या, आणि कुलूप लहान, हलकं, स्वस्त झालं.

त्याची रचना अशी. बाहेर एक न फिरणारं गोल घर, आत फिरणारा दंडगोल. या आतल्या भागाला सोयीसाठी फिरकी म्हणू; बाजारात सगळ्या ऐवजाला मिळून ‘बॅरल’ म्हणतात. फिरकीत आडव्या चिरा पाडलेल्या असतात, प्रत्येक चिरेत एक पत्ती, आणि पत्तीच्या कडेला केसाएवढी स्प्रिंग. पत्तीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते आणि किल्ली या सगळ्या खिडक्यांतून ओवली जाते. गंमत अशी की दर पत्तीत खिडकीची जागा थोडी वर किंवा खाली असते. किल्ली आत नसताना स्प्रिंग पत्त्यांना बाहेर ढकलते, त्यांची टोकं घराच्या खाचेत शिरतात आणि फिरकी अडून राहते. योग्य किल्ली गेली की प्रत्येक दाता आपल्या वाट्याची पत्ती हवी तेवढीच आत ओढतो. सगळी टोकं फिरकीच्या गोलाईत मिसळतात, फिरकी फिरते, मागची पट्टी कडी ओढते आणि झाकण सुटतं. पुष्कळ कुलपांत काही पत्त्या वरून आणि काही खालून येतात. म्हणून तशा किल्लीला दोन्ही कडांना दाते असतात आणि ती उलटी घातली तरी चालते.

आता थोडा हिशेब. एका पायरीपासून दुसऱ्या पायरीपर्यंत उंचीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. समजा पाच पत्त्या आहेत आणि प्रत्येकीच्या चार उंच्या शक्य आहेत. कागदावर १,०२४ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. पण सगळे दाते एकसारखे असलेल्या किल्ल्या गाळाव्या लागतात. एका बाजूला फार खोल खाच आणि तिला लागून फार उंच दाता, अशाही गाळाव्या लागतात, कारण ती किल्ली आत-बाहेर करताना अडखळते. उरतात त्यातल्याही सगळ्या कारखाना करत बसत नाही. त्यामुळे तुमच्या पेटीची किल्ली शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीला लागते, ही शक्यता खरी आहे. कुलूप जुनं, झिजलेलं असेल तर जास्तच. ‘डिकीतून रोकड लंपास’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं त्याच शब्दांत छापून येते, त्याचं निम्मं स्पष्टीकरण या हिशेबात आहे. हे कुलूप पावसासाठी आणि सहज चाळा करणाऱ्या हातांसाठी. बँकेतून काढलेली रक्कम पेटीत ठेवून भेळ खायला थांबणाऱ्याने कुलपाला दोष देऊ नये.

किल्ल्या मोजक्या असल्याचा एक फायदाही आहे. मोजक्या असतात म्हणून त्यांना नंबर देता येतो. पेटीच्या किल्लीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एखादं अक्षर आणि तीन-चार आकडे कोरलेले असतात. कंपनीचा क्रमांक समजून आपण तिकडे बघतही नाही. तोच किल्लीचा नंबर. काही नंबर सरळ दात्यांच्या उंच्याच सांगतात, म्हणजे २-४-१-३-२ असं लिहिलं असेल तर त्याच उंचीचे दाते. बहुतेक नंबर मात्र मुके असतात: नुसता क्रमांक, आणि त्या क्रमांकाचे दाते कोणते हे कंपनीच्या तक्त्यात पाहावं लागतं. दोन्हीत माल तोच. नंबर हाती असेल, तर किल्ली डोळ्यांनी न पाहताही अगदी पहिल्यासारखी कापता येते. उलट ती हरवलेल्या झिजलेल्या किल्लीपेक्षा सरस निघते, कारण नंबरातले दाते झिजत नाहीत.

तेव्हा शोध किल्लीचा नाही, नंबरचा करायचा. पहिली जागा म्हणजे पेटी घेतली तेव्हा किल्ल्यांसोबत आलेला बिल्ला किंवा माहितीपत्रकाच्या पाकिटावरचं चिकटपत्र. दुसरी जागा कुलपाचं तोंड. किल्ली घालायच्या भोकाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला, तर काही कुलपांवर नंबर उमटलेला दिसतो. समोरून प्रकाश टाकला तर मात्र काही दिसत नाही. तिसरी जागा बॅरलची पाठ, आणि ती नेमकी बंद पेटीच्या आत. चौथी जागा कुणाला सुचत नाही: आपलेच फोटो. नवी गाडी आणली की हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू आणि हातात किल्ल्या धरून फोटो, हा क्रम आपल्याकडे चुकत नाही. पेटी त्याच वेळी बसवलेली असेल, तर त्या जुडग्यात तिचीही किल्ली असते. फोटो मोठा करून बघावा. नशीब असेल तर आकडे वाचता येतात. (हेच वाक्य उलटं वाचलं तर फेसबुकवर किल्लीचा फोटो का टाकू नये तेही कळतं.)

त्याआधी घरातली दुसरी किल्ली खरंच नाही ना, हे बघून घ्यावं. पेटीसोबत सहसा दोन किल्ल्या येतात आणि दुसरी खणात, टाचण्या आणि जुन्या सिमकार्डांच्या डबीत पडलेली असते. मागची पेटी आणि बाजूच्या दोन पेट्या एकदम घेतल्या असतील, तर तिन्हींना एकच किल्ली असण्याचा संभव मोठा. काही पेट्यांची झाकणं नुसती दाबली की किल्लीवाचून बंद होतात. अशा पेटीवाल्यांनी हरवली म्हणून जाहीर केलेल्या किल्ल्यांपैकी काही पेटीतच, हेल्मेटखाली, सुखरूप असतात.

मोठ्या पेट्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. इटलीतली गिवी ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी. जुसेप्पे विसेंझी यांनी ती १९७८ मध्ये काढली. कंपनीचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांचं. ते स्वतः शर्यतीतले स्वार होते आणि १९६९ च्या ३५० सीसी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिसरे आले होते. गिवीच्या मोठ्या पेट्यांत ‘मोनोकी’ नावाची पद्धत असते: एकाच किल्लीने झाकण उघडतं आणि त्याच किल्लीने पेटी गाडीवरच्या प्लेटमधून सुटते. प्रवासात हे फार सोयीचं. हॉटेलात पोचलं की खटकन पेटी काढायची आणि बॅगेसारखी हातात घेऊन खोलीत जायचं. पण किल्ली गेली की झाकणही गेलं आणि पेटी उतरवणंही गेलं. अशा वेळी प्लेट रॅकला ज्या नट-बोल्टांनी आवळलेली असते त्यांच्याकडे बघावं. नट खालून पान्याला लागत असतील, तर पेटी प्लेटसकट उतरवता येते आणि गाडी मोकळी होते. पेटी उघडत नाही, पण रिक्षात घालून दुकानापर्यंत नेता येते.

नंबर मिळाला तर तो, पेटीचं मॉडेल आणि बिल घेऊन विक्रेत्याकडे जावं; किल्ली मागवून देतात किंवा कापून देतात. नंबर नाहीच मिळाला, तर मात्र ती ओळ कुलपाच्या पोटातून वाचावी लागते. ते काम चावीवाल्याचं.

तालुक्याच्या कुठल्याही गावी बसस्टँडच्या बाहेर किंवा मंडईच्या तोंडाशी तो सापडतो. छत्री, लाकडी पेटी, फळीवर खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या. महाराष्ट्रात या कामात सिकलीगर शीख बरेच दिसतात. पूर्वी हत्यारांना धार आणि झिलई देणारा हा समाज. चावीवाल्याची पहिली परीक्षा कापण्यात नसते, निवडण्यात असते. चावीच्या अंगावर उभ्या ज्या पन्हळी असतात, त्या कुलपाच्या भोकाच्या आकाराशी जुळल्या पाहिजेत. दाते हे पुढचं प्रकरण. अनुभवी माणूस भोकात एकदा डोकावतो, फळीवरून दोन-तीन कोऱ्या चाव्या काढतो आणि त्यातली एक अलगद आत जाते.

पुढचं काम बघण्यासारखं असतं. कोऱ्या चावीची कड तो बारीक कानशीने एकसारखी, निस्तेज करून घेतो. चकचकीत पितळावर खूण दिसत नाही म्हणून. काहीजण ती मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळी करतात. मग चावी कुलपात घालून पक्कडीने किंवा छोट्या मुठीने धरतो आणि फिरवायला बघतो. ती फिरत नाही, आणि तो तेवढ्यावरच थांबतो. दाब कायम ठेवून चावी किंचित वर-खाली हलवतो. अडलेली पत्ती आणि पितळाची कड या क्षणी एकमेकांवर आवळलेल्या असतात. चावी बाहेर काढून तो उन्हात तिरपी धरतो. कडेवर एका ठिकाणी सुईच्या टोकाएवढा चकचकीत ओरखडा. फक्त त्याच जागी कानशीचा एक हात, दोन हात. पुन्हा आत, पुन्हा दाब, पुन्हा उन्हात. त्या जागी खूण उमटायची थांबली की ती पत्ती आपल्या उंचीवर आली, तिथे कानस पुन्हा लावायची नाही. आता खूण दुसरीकडे उमटते. असं करत एकेक पत्ती आपली उंची सांगून टाकते आणि एका वळणाला चावी आधी थोडी, मग पूर्ण फिरते. कानशीचा एक हात जास्त गेला तर ती चावी बाद. पुन्हा कोरी घेऊन पहिल्यापासून. म्हणून घाई करणारा, जोरजोरात घासणारा चावीवाला दिसला तर पेटी त्याच्या हाती देऊ नये. आणि हातात अस्सल चावी घेऊन मशीनवर दोन मिनिटांत काढलेल्या डुप्लिकेटपेक्षा या कामाचे पैसे कितीतरी जास्त पडतात, ते रास्तच आहे. मशीन नक्कल करतं. हा माणूस नसलेली चावी हुडकून काढतो.

चावीवाला आरसी मागतो तेव्हा काहींना अपमान वाटतो. वाटू नये. भारतीय न्याय संहितेच्या ३३४ व्या कलमानुसार ऐवज असलेली बंद पेटी अप्रामाणिकपणे फोडणं किंवा उघडणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि उद्या पेटी दुसऱ्याची निघाली तर पोलीस आधी त्याच्याकडे येणार. आरसी पेटीत अडकली असेल तर मोबाइलवरची दाखवावी. गाडीसोबत पेटी दिसणारा जुना फोटो असेल तर तोही. काहीच न विचारता उघडून देणारा चावीवाला सोयीचा वाटतो खरा, पण तो उद्या दुसऱ्या कुणालाही तुमची पेटी तितक्याच सोयीने उघडून देईल.

कधी कधी हेही जमत नाही. पावसाळे खाल्लेल्या पत्त्या चिरेतच जाम झालेल्या असतात, किंवा आधी कुणीतरी दुसऱ्याच किल्लीने जोर लावून तिचं टोक आत मोडलेलं असतं. मग ड्रिल. पण इथेही उचकटण्यापेक्षा हे शहाणपणाचं, कारण भोक पडतं ते फक्त बॅरलला. पत्त्या तुटल्या की फिरकी मोकळी होते आणि चपट्या पेचकसाने फिरवता येते. झाकण, कडी, रबरी पट्टी सगळं शाबूत. काम करणाऱ्याने ड्रिल सरळ धरलं पाहिजे आणि खोलीचा अंदाज ठेवला पाहिजे. नाहीतर मागची कडीची यंत्रणाही जाते आणि त्यामागचं हेल्मेटही.

पेटी उघडल्यावर नवं बॅरल बसवणं सोपं असतं. त्याला धरून ठेवणारा स्क्रू किंवा क्लिप आतल्या बाजूला असते. बाहेर असती तर कुलपाला अर्थच उरला नसता. नामांकित कंपन्यांची बॅरल किल्ल्यांसह सुटी मिळतात. पेट्या तीन असतील तर तिन्हींना एकाच किल्लीचा संच घ्यावा, नाहीतर लेहच्या वाटेवर थंडीने बधिर झालेल्या बोटांनी जुडगं चाचपत बसावं लागतं. बिनकंपनीच्या स्थानिक पेटीला बॅरल शोधताना व्यास, लांबी आणि मागच्या पट्टीचा कोन मोजून न्यावा. जुनं फुटकं बॅरल खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जाणं सगळ्यांत सोपं.

ड्रिल न करता पेटी उघडली असेल, तरीही एकदा बॅरल बाहेर काढून त्याची पाठ बघावी. तिथे नंबर असेल तर त्यावरून अस्सल किल्ली मागवावी आणि चावीवाल्याने केलेली जोडीला ठेवावी. पुढच्या डुप्लिकेट नेहमी अस्सलवरूनच काढाव्यात. नकलेची नक्कल करत गेलं की दर वेळी केसभर चूक वाढते. तिसऱ्या पिढीची किल्ली कुलपात जाते, पण हलवून, थोडी बाहेर ओढून, विनवण्या करून फिरवावी लागते.

आणि कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडू नये. रस्त्याची धूळ तेलात कालवली जाऊन त्याची खळ होते आणि पत्त्या चिरेला चिकटतात. ग्राफाइटची पूड चालते. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. कुलपावर रबरी झाकणी असेल तर ती तुटू देऊ नये, तुटली तर दुसरी लावावी. मे संपता संपता हे एकदा केलं की पावसाळाभर पुरतं.